आईची दृष्ट

माझी मुलगी दोनदा फिगर स्केटिंगमध्ये जर्मनीची विजेती झाली, आणि दोन्ही वेळा मी घरी बाथरूममध्ये होते. पहिल्या वेळी फरशा घासत होते, दुसऱ्या वेळी नळ. बाहेर लॅपटॉपवर स्पर्धा चालू होती, आणि हृषिकेशने दार बडवून "अगं, पहिली आली!" असं सांगितलं तेव्हा मी साबणाच्या हातांनी बाहेर आले. हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

मी इंगोलश्टाटमध्ये गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हृषिकेश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की पगार नसता तरी मी हेच केलं असतं. सांगायचा मुद्दा असा, की मी काही बुवाबाजीच्या नादी लागणारी बाई नाही. पण उर्जा नऊ वर्षांची असताना तिची पहिली स्पर्धा मी पहिल्या रांगेत बसून पाहिली, आणि ती पडली. अकराव्या वर्षी दुसरी पाहिली. त्या वेळी ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. ते मोडताना मी बघत होते. नुसती बघत नव्हते, तिच्याकडे बघून माझ्या मनात आलं होतं, किती गोड दिसतेय माझी बाई! आणि पुढच्याच क्षणी ती खाली होती.

तिसऱ्या वेळी, तिचं नाव पुकारलं जात असताना माझ्या लक्षात आलं की गाडीत पार्कशाइबे लावायची राहिली. गाडी किती वाजता उभी केली ते दाखवणारी ती निळी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवली नाही तर इथे दंड होतो. मी धावत गेले, चकती लावली, धावत परत आले. तोवर उर्जाचं सगळं झालं होतं, आणि ती पहिली आली होती.

मिरजेला फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "अगं वासंती, आईचीच दृष्ट सगळ्यांत आधी लागते. तू कशाला बघतेस?" मी म्हटलं, "अहो आई, काहीतरीच काय!" आणि त्या दिवसापासून आजतागायत, म्हणजे सलग अकरा वर्षं, मी माझ्या मुलीला बर्फावर पाहिलं नाही.

हॉलमध्ये मात्र शक्य तिथे मी जायचेच. घरी थोडीच बसवतं? बाहेरच्या बोळात, कॉफीच्या मशीनशेजारी उभी राहायचे आणि ऐकायचे. ऐकून ऐकून मला सगळं कळायला लागलं होतं. लुट्झ नावाची तिची सगळ्यांत अवघड उडी आहे. तिच्या आधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही, मग पात्याचं टोक बर्फात रोवल्याचा टक्‌ असा आवाज येतो, मग पुन्हा काही नाही. त्यानंतर खर्र आलं तर उतरली, धप्‌ आलं तर पडली. सगळ्यांत वाईट ती शांतता असायची. त्या शांततेत मी देवाचं नाव घ्यायचे, आणि नाव घेतेय म्हणून स्वतःवर चिडायचे.

तर या फेब्रुवारीत बर्लिनच्या एका मोठ्या आइस-शोकडून उर्जाला पत्र आलं. दोन वर्षांचा करार, मुख्य भूमिका. ती तेवीस वर्षांची आहे. तिच्या खेळात हे वय म्हणजे उतरती दुपार. तिच्या मागे सोळा-सोळा वर्षांच्या मुली उभ्या आहेत. शोमध्ये गेलं की स्पर्धा संपल्या, कारण वर्षाला तीनशे प्रयोग करून वर तीन गिरक्यांच्या उड्यांचा सराव कोणाच्यानेच होत नाही. शोला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. पुढच्या वर्षी खेळणार की नाही, हे स्केटिंगच्या संघटनेलाही सोमवारीच कळवायचं होतं. आणि शनिवारी म्युनिकला मोसमातली शेवटची स्पर्धा होती.

माझं मत मी पत्र वाचल्या वाचल्याच दिलं होतं. शो! दिवे, छान कपडे, सोप्या उड्या, ठरलेल्या सुट्ट्या. ट्रिपल लुट्झ नाही, धप्‌ नाही. हृषिकेश म्हणाला, "तिचं तिला ठरवू दे." हा माणूस कारखान्यात गिअरबॉक्सच्या मापावरून शेजारच्या टेबलवाल्याशी दोन-दोन तास भांडतो, आणि घरात प्रत्येक गोष्टीत ज्याचं त्याला ठरवू देतो. तिच्या कोच फ्राउ लिंडनर तर एवढंच म्हणाल्या, की उर्जाचं अजून संपलेलं नाही, पण ते तिने स्वतः म्हणायला हवं.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या ड्रेसचा हुक शिवत होते आणि ती समोर बसून थालीपीठ खात होती.

"आल्झो, तर मग," ती म्हणाली, "ठरलं माझं. शो."

माझ्या हातातून सुई पडली. "खरंच? उर्जा, किती शहाणी गं तू! किती बरं वाटलं मला. पण कसं काय ठरवलंस?"

तिने घास गिळला आणि जर्मनमध्ये उत्तर दिलं. आमची उर्जा मराठी छान बोलते, पण मनातलं अगदी खरं काही बोलायचं असलं की तिची गाडी जर्मनवर जाते.

"मग निदान तू बघशील तरी," ती म्हणाली.

मी हसले. मला वाटलं गंमत करतेय.

"शोमध्ये कोणी पडत नाही ना. मग तू आत बसशील. पहिल्या रांगेत."

"म्हणजे तू माझ्यासाठी..."

"नुसतं तुझ्यासाठी नाही, आई." आता ती मराठीत आली होती, म्हणजे सारवासारव चालू झाली होती. "दमते पण मी. आणि ती नवीन मुलगी माझ्यापेक्षा उंच उडते. पण हो, ते पण आहेच." मग ताटातला तुकडा इकडून तिकडे करत पुन्हा जर्मनमध्ये म्हणाली, "शेवटी टाळ्या वाजतात ना, तेव्हा बाकीच्या मुली वर प्रेक्षकांत बघतात. मी दाराकडे बघते. तू आली असशील का म्हणून."

"अकरा वर्षं?"

"माख निश्ट्स," ती म्हणाली. काही बिघडत नाही. उठून तिने ताट सिंकमध्ये ठेवलं, जाता जाता कमरेने टेबलाच्या कोपऱ्याला धडकली, "आउ" म्हणाली आणि खोलीत गेली. घरात ही मुलगी अशीच धडकत असते.

मी हुक शिवून पूर्ण केला, आणि तो उलटा बसला. उसवून परत शिवला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोरीचं पाचव्या वर्षापासूनचं आयुष्य ज्या बर्फावर गेलं तो बर्फ ती सोडणार होती, आणि त्याच्या कारणांत एक कारण माझे डोळे होते. बरं, डोळ्यांनी काही केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी हिशोबाला बसले. मी पाहिलं आणि ती पडली, असं किती वेळा? दोन. दोन नोंदींवरून मी ऑफिसात असा निष्कर्ष काढला असता तर मला दारातून बाहेर काढलं असतं. आणि मी बोळात उभी असताना ती किती वेळा पडली? कितीतरी. ते मी कधी मोजलंच नव्हतं. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, आज दुसऱ्या कोणाची तरी लागली असेल.

शनिवारी सकाळी डबा भरताना मी एका कागदाच्या पुडीत मीठ-मोहऱ्या बांधल्या आणि पर्समध्ये टाकल्या. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

म्युनिकच्या त्या हॉलचा बोळ माझ्या ओळखीचा. तेच कॉफीचं मशीन, ओल्या मोज्यांचा तोच वास. हृषिकेश आत गेला. मी माझ्या जागेवर उभी राहिले. आधीच्या मुलींचं सगळं कानांनी ऐकलं. मग उर्जाचं नाव पुकारलं गेलं, आणि आतून पात्यांची ती पहिली लांब खरखर आली. ती बर्फाच्या मधोमध जाऊन उभी राहिली असणार.

मी दाराच्या कडीवर हात ठेवला. लोखंड गार होतं. मनात म्हटलं, वासंते, आज जर ती पडली तर तू जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीस. मग वाटलं, आणि आज जर तिने दाराकडे बघितलं तर?

मी आत गेले. हृषिकेशच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा त्याने माझ्याकडे भूत पाहिल्यासारखं पाहिलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो पुटपुटला, "पार्कशाइबे लावलीस ना?"

लावली नव्हती. ती माझ्या मांडीवरच्या पर्समध्येच होती. मी उठले नाही.

संगीत सुरू झालं.

मला वाटलं होतं की अकरा वर्षं ऐकल्यामुळे मला बहुतेक सगळं ठाऊक आहे. मला काहीही ठाऊक नव्हतं. पहिली गोष्ट म्हणजे वेग. ती आमच्या समोरून गेली आणि तिच्यामागून गार हवेचा झोत माझ्या तोंडावर आला. इतक्या वेगात माणूस जातो? आणि उलटं! पाठ पुढे करून, कुठे चाललोय ते न बघता, घरातून फाटकापर्यंत जावं तितक्या सहज. घरात टेबलाला धडकणारी माझी पोर इथे एका पायावर, चार मिलिमीटरच्या पात्यावर, अख्खं अंग बर्फाकडे झुकवून वळत होती. एवढं झुकलेलं माणूस पडायलाच हवं. ती पडत नव्हती. तिच्या मागे बर्फावर एक बारीक पांढरी रेघ उमटत होती, आणि ती रेघ कुठेही थरथरलेली नव्हती.

मग ती शांतता आली. मी हृषिकेशचा हात धरला. या शांततेला मी अकरा वर्षं घाबरत आले होते, आणि आज मला कळलं की त्या वेळात आत काय चालायचं. काहीही वाईट नव्हतं. ती नुसती घसरत असायची. डाव्या पायावर, हात पसरून, मान थोडी कलती, अंगाला कुठे धक्का नाही की कष्ट नाहीत. सगळा हॉल श्वास रोखून तिच्याकडे बघत होता. शेजारची जर्मन आजी हातातलं बिस्किट तोंडाजवळ धरून तशीच बसली होती. तिच्या स्केटिंगमधलं जे सगळ्यांत सुंदर होतं त्याला आवाजच नव्हता, आणि मी बाहेर उभी राहून नेमक्या त्याच वेळी रामरक्षा पुटपुटत होते. मला रडू आलं, आणि रागही आला.

टक्‌. ती वर गेली. हवेत तिचा चेहरा दिसेना, नुसता निळा ड्रेस गरगरला. तीन गिरक्या, आणि माझी एकदा पापणी लवायच्या आत खर्र. उतरली. उतरताना ती हसत नव्हती की घाबरलेली नव्हती. तिचा चेहरा कामात होता. हिला मी जन्म दिलाय, हे मला त्या क्षणी खरं वाटेना. माझ्या घरात दोन्ही कुळांत कोणी धड सायकलवर हात सोडलेले नाहीत. हे हिच्यात कुठून आलं? मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले, आणि माझ्या मनात पुन्हा तेच आलं: किती सुंदर दिसतेय माझी बाई.

दुसरा लुट्झ अगदी शेवटाकडे, संगीत संपत आलं असताना होता. टक्‌, आणि ती वर गेली तेव्हाच मला, मला सुद्धा, दिसलं की काहीतरी तिरकं आहे.

धप्‌.

ती कमरेवर पडली आणि तशीच घसरत आमच्या बाजूच्या कठड्यापर्यंत आली. मी उभी राहिले होते. हृषिकेश माझा दंड ओढत होता. डोळे मिटायचे होते, तेवढं एक मला चांगलं येत होतं. पण मी मिटले नाहीत.

म्हणून मला ते दिसलं. घसरता घसरताच तिने एक गुडघा अंगाखाली घेतला, हात टेकला, आणि ती उभी होती. घसरणं अजून संपलेलंही नव्हतं. संगीत तिच्यापुढे दोन मात्रा गेलं होतं. तिने चार पावलांत त्याला गाठलं आणि हात उचलला, जसं काही मध्ये काहीच झालं नव्हतं. तिच्या उजव्या मांडीवर बर्फाचा पांढरा भुगा चिकटला होता. तो तसाच घेऊन ती गिरकीत शिरली, इतकी गरगरली की भुगा उडून गेला. एवढ्या सगळ्यात आवाज म्हणून कसलाही झाला नाही. बोळात मला फक्त पडल्याचं ऐकू आलं असतं.

संगीत थांबलं. टाळ्या सुरू झाल्या. छाती धपापत असताना ती वळली, आणि खरोखरच तिने दाराकडे बघितलं.

दारात कोणी नव्हतं. तिचा चेहरा मी पाहिला, आणि तो मी आता विसरणार नाही. "उर्जा!" मी ओरडले. मिरजेच्या बाजारात ओरडावं तशी ओरडले. शेजारच्या आजींचं बिस्किट पडलं. उर्जाने वर बघितलं. दोन क्षण तिला मी कळलेच नाही. मग तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि परीक्षकांना करायचा नमस्कार विसरून कठड्याकडेच निघाली. फ्राउ लिंडनरना तिला हाक मारून परत पाठवावं लागलं.

ती दुसरी आली. ती सोळा वर्षांची मुलगी पहिली आली, आणि खरं सांगायचं तर योग्यच होतं.

गाडीपाशी पोचलो तर काचेवर दंडाची चिठ्ठी. हृषिकेशने ती काढली, माझ्याकडे बघितलं आणि खिशात ठेवली. बाहेर अजून उजेड होता. उर्जा पाठीला बॅग लावून उभी होती.

"पडलेलं पण बघितलंस?" तिने विचारलं.

"बघितलं."

"तुला वाटलं असेल, तुझ्यामुळे."

"वाटलं," मी म्हटलं. "अर्धा सेकंद वाटलं. तेवढ्यात तू उठलीस. मला माहीतच नव्हतं गं. मी अकरा वर्षं तुझं फक्त पडणं ऐकलं. उठण्याचा आवाजच होत नाही."

मी पर्समधून पुडी काढली. "उभी राहा नीट."

"आई, इथे? लोक बघतायत."

"बघू देत. त्यांचीही काढते."

तिथेच, दोन स्टेशन वॅगनच्या मध्ये, मी मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन तिच्यावरून ओवाळल्या. सासूबाई म्हणतात तशी सगळ्यांची नावं घेतली: आल्यागेल्यांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची, परीक्षकांची, त्या बिस्किटवाल्या आजींची, आणि सगळ्यांत शेवटी माझी. ते म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आईची दृष्ट लागते हे आपल्या बायकांना शेकडो वर्षं ठाऊक आहे, आणि तरी एकीनेही आईला डोळे मिटायला सांगितलं नाही. आईने पोटभर बघावं, म्हणून तर त्यांनी ह्या मीठ-मोहऱ्या काढल्या. मी अर्धवट ऐकलं आणि स्वतःच्या मनाने नियम केला. चुका काढणारी मी, आणि स्वतःची एवढी मोठी चूक मला अकरा वर्षं सापडली नाही.

मुठीतलं मी गवतावर टाकलं. उर्जा खाली बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मला अजून एक वर्ष खेळायचंय."

हे ती मराठीत म्हणाली. अडखळत, पण मराठीत.

"कदाचित मी जिंकणार नाही. जिंकणारच नाही. तो लुट्झ पण परत पडेल. शोवाले पुढच्या वर्षी विचारतील, नाही पण विचारणार. तरी मला हवंय."

हृषिकेश माझ्याकडे बघत होता. आजवर तिचं तिला ठरवू दे म्हणणारा हा माणूस आता घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होता. अजून एक अख्खं वर्ष, ते धप्‌, आणि आता तर उघड्या डोळ्यांनी. मला ते नको होतं. एका आईला जितकं नको असू शकतं तितकं नको होतं.

"खेळ," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच. पण एक ऐक. शेवटी टाळ्या वाजल्या की दाराकडे बघू नकोस. मी आत असेन."